क्रीडा व्हिडिओ गेम : वाढता निर्मितीखर्च आणि भवितव्य

क्रीडा व्हिडिओ गेम : फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, क्रिकेट, मोटारशर्यत अशा प्रत्यक्षातल्या खेळांचा पडद्यावर प्रत्यय देणारा गेमप्रकार. इतर गेमपेक्षा याचे वेगळेपण असे, की इथले नियम गेम बनवणारा ठरवत नाही. ऑफसाइड कशाला म्हणायचे, षटकात चेंडू किती, हे आधीच ठरलेले असते. कथा रचावी लागत नाही, नवे जग कल्पावे लागत नाही. म्हणजे हा प्रकार स्वस्तात व्हायला हवा. घडले मात्र उलटे. खर्च इतका चढत गेला, की बहुतेक मोठ्या खेळांत आता एकेकच मालिका टिकून आहे आणि दरवर्षी नवी आवृत्ती काढण्याची जुनी रीतही डळमळू लागली आहे.

सुरुवात अगदी साधी होती. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोप या विद्युत संकेतांचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणाच्या छोट्या पडद्यावर दोघांनी खेळायचे टेनिस तयार केले. १९७२ मध्ये अटारीचा ‘पाँग’ आला. तोही टेबल टेनिसच. दोन रेघा आणि एक ठिपका. या प्रकाराला आजचे वळण लागले ते १९८८ च्या ‘जॉन मॅडन फुटबॉल’ या अमेरिकन फुटबॉलच्या गेमपासून. त्या काळच्या घरगुती संगणकाला झेपावे म्हणून मैदानात कमी खेळाडू ठेवावेत, असा निर्मात्यांचा विचार होता. प्रशिक्षक मॅडन यांनी तो साफ नाकारला. अकरा विरुद्ध अकरा नसतील, तर आपले नाव गेमवर नको, ही त्यांची अट. बोलणी सुरू झाली १९८४ मध्ये, गेम बाजारात आला चार वर्षांनी. ‘खऱ्यासारखे’ हे वचन तेव्हा एकदा दिले गेले आणि त्याची किंमत इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स (ईए) व तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्या आजतागायत मोजत आहेत.

कारण ‘खऱ्यासारखे’ याला शेवट नाही. घरच्या टीव्हीवर सामना जितका स्पष्ट दिसू लागतो, तितका गेमही दिसावा लागतो. खेळाडूंच्या चेहऱ्यांचे स्कॅनिंग, स्टेडियमची बांधणी, समालोचकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेली असंख्य वाक्ये, प्रेक्षकांचा गोंगाट, हे सगळे प्रत्येक कन्सोलसाठी (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठी) बसवायचे. ईएच्या ‘फिफा २२’ या फुटबॉल गेमसाठी बावीस खेळाडूंना संवेदक लावलेले पोशाख घालून पूर्ण सामना खेळायला लावला आणि त्यांच्या हालचाली टिपल्या. दोन वर्षांनी आलेल्या ‘ईए स्पोर्ट्‌स एफसी २४’मध्ये तर १८० हून अधिक खऱ्या सामन्यांतून कॅमेऱ्यांनी गोळा केलेली माहिती वापरली होती. याखेरीज गेमचे इंजिन, म्हणजे तो ज्यावर चालतो ती मूळ संगणकप्रणाली, अधूनमधून बदलावे लागते. ‘फिफा १७’ आणि ‘मॅडन १८’ या आवृत्त्यांत दोन्ही मालिका फ्रॉस्टबाइटवर गेल्या. हे इंजिन मुळात युद्धाच्या गेमसाठी घडवलेले. त्याला चेंडू शिकवावा लागला.

एकंदर उद्योगाचे आकडे पाहिले, तर चढ किती तीव्र आहे ते कळते. ब्रिटनमधील बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रकाशकांकडून घेतलेल्या माहितीनुसार, मोठ्या गेमची निर्मिती काही वर्षांपूर्वी ५ ते १५ कोटी डॉलरमध्ये होत असे; २०२४-२५ साठी मंजूर होणाऱ्या गेमचा अंदाज २० कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक होता. प्रचाराचा खर्च वेगळा. त्या मानाने गेमची किंमत फारच सावकाश वाढली. अमेरिकेत ती सुमारे पंधरा वर्षे ६० डॉलरवर थांबली होती. नव्या कन्सोलसाठी ७० डॉलरची किंमत जाहीर करण्यात पुढाकार कोणी घेतला? २०२० मध्ये ‘एनबीए २के२१’ या बास्केटबॉल गेमने. हा योगायोग नव्हे.

क्रीडा गेमची खरी अडचण मात्र घड्याळाची आहे. साहसकथेच्या गेमला पाच-सहा वर्षे घेता येतात, तारीख पुढे ढकलता येते. लीगचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. जेमतेम वर्षभराच्या आत नवी आवृत्ती द्यायची, म्हणजे मुळापासून दुरुस्ती करायला उसंतच नाही. घर राहते ठेवून पाया बदलायचा. यात पडझड होतेच. ‘एनबीए एलिट ११’ हा गेम २०१० मध्ये विक्रीच्या तोंडावर मागे घ्यावा लागला. कुस्तीचा ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के२०’ इतक्या त्रुटींसह आला, की पुढच्या वर्षीची आवृत्तीच रद्द झाली. संघव्यवस्थापनाची ‘फुटबॉल मॅनेजर’ मालिका युनिटी इंजिनवर नेताना स्पोर्ट्‌स इंटरअ‍ॅक्टिव्हने २०२५ ची आवृत्ती आधी लांबवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोडूनच दिली. आकडे आणि तक्त्यांवर चालणाऱ्या गेमची ही गत, तर बाकीच्यांचे काय सांगावे!

परवाने : निर्मितीखर्च म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ग्राफिक्स येते. या प्रकारात नावांचे भाडे तितकेच भारी असते. लीगचे नाव, संघाचे बोधचिन्ह, खेळाडूचा चेहरा, स्टेडियम, समालोचक या प्रत्येकाचा मालक वेगळा. कोनामी या जपानी कंपनीच्या जुन्या फुटबॉल गेममध्ये परवाना नसल्यामुळे रॉबर्टो कार्लोस हा ‘रॉबर्टो लार्कोस’ झाला होता, तर लिव्हरपूल क्लब ‘मर्सीसाइड रेड’ या नावाने खेळे. पुष्कळांच्या मते खेळायला तोच गेम सरस होता. तरी हौशी मंडळी तासन्‌तास बसून नावे हाताने दुरुस्त करत. खऱ्या नावाची ओढ किती असते, हे यावरून समजावे. क्रिकेटमध्ये हा गुंता आणखी वाढतो. प्रत्येक देशाचे मंडळ आणि प्रत्येक लीग यांच्याशी वेगवेगळी बोलणी करावी लागत असल्याने, एकाच गेममध्ये खऱ्या नावांचा एक संघ आणि बनावट नावांचा दुसरा, असे सामने वर्षानुवर्षे होत आले आहेत. ईएने २००६ मध्ये आलेल्या ‘क्रिकेट ०७’नंतर हा खेळच सोडला. पुढे मोठ्या कन्सोलवर तो चालू ठेवला तो मुख्यतः मेलबर्नच्या बिग अँट या स्टुडिओने.

परवान्याने स्पर्धा कशी संपते, याचे ठळक उदाहरण २००४ चे. त्या वर्षी सेगा कंपनीने ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ हा अमेरिकन फुटबॉलचा गेम अवघ्या २० डॉलरला विकायला काढला. मॅडनची किंमत तेव्हा ५० डॉलर होती. ती ईएला ३० पर्यंत उतरवावी लागली. डिसेंबरमध्ये ईएने एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग आणि तिच्या खेळाडू संघटनेशी एकाधिकाराचा करार केला. महिन्याभरात सेगाने तो गेम घडवणारा स्टुडिओ २ कोटी ४० लाख डॉलरला टेक-टू कंपनीला विकून टाकला. एनएफएलचा वास्तवदर्शी गेम त्यानंतर दुसऱ्या कोणाला काढता आलेला नाही. एनबीए या बास्केटबॉल लीगच्या बाबतीत तर असा एकाधिकारही नव्हता. ईएची ‘एनबीए लाइव्ह’ मालिका २०१८ च्या आवृत्तीनंतर आपसूक थांबली. ‘एनबीए २के’ काढणाऱ्या टेक-टूने २०१९ मध्ये एनबीए व खेळाडू संघटनेशी केलेला सात वर्षांचा करार सुमारे ११० कोटी डॉलरचा असल्याचे वृत्त होते. नव्या कंपनीने या फंदात का पडावे?

भाडे नाकारल्याचाही एक मोठा प्रसंग आहे. चार वर्षे आपले नाव वापरू देण्यासाठी फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाने १०० कोटी डॉलरहून अधिक मागितल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या आणि पुढच्या वर्षी ईएने सुमारे तीस वर्षांची साथ सोडली. मालिकेचे नाव ‘ईए स्पोर्ट्‌स एफसी’ झाले. विश्वचषक हातचा गेला; पण क्लब, लीग आणि खेळाडूंचे परवाने वेगळे असल्यामुळे मैदानातले जवळजवळ काहीच बदलले नाही. महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलची गोष्ट याच्या उलट. आपल्यासारखा हुबेहूब खेळाडू महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या गेममध्ये दिसतो आणि आपल्याला छदाम मिळत नाही, म्हणून बास्केटबॉलपटू एड ओ’बॅनन यांनी २००९ मध्ये दावा लावला. या वादात फुटबॉलची ती मालिकाही २०१३ नंतर बंद पडली. ती २०२४ मध्ये परतली, तेव्हा प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊ केली होती. कंपनीसाठी ही रक्कम किरकोळच. तो गेम अमेरिकेत डॉलरच्या हिशेबाने आजवरचा सर्वाधिक खपाचा क्रीडा गेम ठरला.

खर्चाची भरपाई : एवढा पैसा एका प्रतीच्या किमतीतून निघत नाही. वाट सापडली मार्च २००९ मध्ये, ‘फिफा ०९’ला जोडलेल्या ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारात. कार्डांची पाकिटे विकत घ्यायची, आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर, आणि त्यातून आपला संघ उभारायचा. २०२०-२१ या आर्थिक वर्षात ईएला यातून १६२ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे कंपनीच्या एकूण महसुलाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. नवी आवृत्ती आली, की जमवलेला संघ मागे राहतो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. गेमची किंमत हे आता जत्रेत शिरण्याचे तिकीट. धंदा आतल्या दुकानांवर चालतो. त्याचा परिणाम घडणीवरही दिसतो. एकट्याने खेळायच्या करिअर मोडमध्ये वर्षानुवर्षे तेच दोष राहतात, अशी खेळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे आणि ती बरीचशी रास्त आहे.

हा जुगार आहे का, यावर देशादेशांत मतभेद आहेत. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये अशी पाकिटे बेकायदा ठरवली आणि ईएने तिथली विक्री थांबवली. नेदरलँड्‌समध्ये कंपनीला ठोठावलेला १ कोटी युरोचा दंड मात्र २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायपीठाने रद्द केला. गेम फुकट देऊन केवळ आतल्या विक्रीवर जगायचा मार्ग कोनामीने २०२१ मध्ये ‘ई-फुटबॉल’द्वारे धरला. पहिली आवृत्ती इतकी अर्धीकच्ची होती, की वाकड्यातिकड्या चेहऱ्यांची चित्रे जगभर फिरली. सोनीने वेगळी वाट काढली. आपल्याच स्टुडिओतला बेसबॉल गेम ‘एमएलबी द शो’ तिने २०२१ पासून प्रतिस्पर्धी एक्सबॉक्स कन्सोलवरही येऊ दिला.

या चढाओढीत मधला थर नाहीसा झाला. ‘एनबीए स्ट्रीट’, ‘एनएफएल स्ट्रीट’ असे गमतीदार, अतिशयोक्त गेम मोठ्या कंपन्या पूर्वी सहज काढत. आता काढत नाहीत. जे टिकले ते अगदी छोटे किंवा परवान्याला पूर्ण फाटा देणारे. मोटारींनी फुटबॉल खेळायचा ‘रॉकेट लीग’ किंवा मुख्यतः एकाच माणसाने घडवलेला मूळ ‘रेट्रो बोल’ यांत ओळखीचा एकही खेळाडू नव्हता. निन्टेन्डोच्या २००६ मधील ‘वी स्पोर्ट्‌स’मधली माणसे म्हणजे गोल डोक्यांच्या साध्या बाहुल्या. त्याच्या ८ कोटींहून अधिक प्रती गेल्या, अर्थात बहुतेक कन्सोलसोबत दिलेल्या.

पुढील दिशा : खर्च आटोक्यात ठेवायला कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला आहे. २०२४ च्या महाविद्यालयीन फुटबॉल गेममध्ये दहा हजारांहून अधिक खेळाडूंचे चेहरे छायाचित्रांवरून यंत्राकरवी घडवले आणि मग चित्रकारांनी त्यांवर हात फिरवला. दुसरीकडे मालकीच बदलते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी आणि दोन भागीदारांनी ईए सुमारे ५,५०० कोटी डॉलरला घेण्याचा करार जाहीर केला. त्यातले २,००० कोटी कर्जाचे. एवढे कर्ज फेडायचे, तर पाकिटांची विक्री कमी होण्याची आशा धरू नये.

जुन्या गेमचे काय होते, हा मुद्दा सहसा चर्चेत येत नाही. परवान्याची मुदत संपली, की गेम दुकानातून उतरतो. फिफाच्या नावाच्या जुन्या आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून २०२३ मध्ये अशाच उतरल्या. सर्व्हर बंद झाल्यावर तर विकत घेतलेल्या गेमचाही मोठा भाग मुका होतो.

वार्षिक आवृत्तीऐवजी एकच गेम ठेवून त्यात दर हंगामाला भर घालावी, ही सूचना खेळणारे फार पूर्वीपासून करत आले. तिच्याकडे एक मोठे पाऊल मोटारशर्यतीत पडले. २०२६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये गाड्यांचे नियम मुळापासून बदलले आणि ऑडी, कॅडिलॅक ही नवी नावे शर्यतीत आली. नवा गेम काढायला याहून चांगले निमित्त कोणते? तरी ईएने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, की या हंगामासाठी वेगळा गेम येणार नाही. ‘एफ१ २५’ या २०२५ च्या गेमलाच पैसे मोजून घ्यायची जोड मिळेल आणि नवा गेम थेट २०२७ मध्ये येईल.