कड्यावरचा गॅमा लॉग आणि विहिरीतला गॅमा लॉग

कड्यावर घेतलेली असो की विहिरीत, खडकातून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या थरागणिक नोंदीला ‘गॅमा लॉग’च म्हणतात. दोन्हींत शेल (चिकणमातीपासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) आला की किरण वाढतात, वक्र उजवीकडे सरकतो आणि स्वच्छ वालुकाश्म आला की डावीकडे. त्यामुळे एकावर एक ठेवून आकडे ताडून पाहायचा मोह होतो. ताडायचा असतो तो आकार, आकडे नव्हेत.

विहिरीत उपकरण केबलने वर ओढतात आणि साधारण दर 15 सेंमीला एक नोंद होते, एपीआय या गॅमा लॉगच्या ठरलेल्या एककात. खडक चहूबाजूंनी असतो, मधे ड्रिलिंगचा चिखल. कड्यावर हातातला स्पेक्ट्रोमीटर (कोणत्या मूलद्रव्याचे किरण किती हे वेगवेगळे मोजणारे उपकरण) खडकाला टेकवून एकेका जागी एक ते तीन मिनिटे धरायचा. तो पोटॅशियम टक्क्यांत देतो, युरेनियम आणि थोरियम पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग). ढोबळ रूपांतर असे: पोटॅशियम गुणिले 16, युरेनियम गुणिले 8, थोरियम गुणिले 4, आणि तिन्हींची बेरीज. एखाद्या शेलमध्ये 2 टक्के, 3 आणि 10 पीपीएम मिळाले, तर 32 + 24 + 40 म्हणजे 96 एपीआय.

आता हाच शेल वर्षानुवर्षे उघड्यावर आहे असे धरा. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळून निघून जाते. 2 पीपीएम गेले की बेरीज 80 वर येते. सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या काळ्या शेलमध्ये मूळ युरेनियमच जास्त, म्हणून तिथे घट खूप मोठी दिसू शकते, आणि नेमका तोच थर विहिरीत सर्वांत ठळक असतो. थोरियम मात्र सहसा जागचे हलत नाही. हातोड्याने वरचा पापुद्रा काढून भागत नाही, कारण उपकरण 20–30 सेंमी आतपर्यंतचे किरण मोजते. खाणीची किंवा रस्त्यासाठी कापलेली ताजी भिंत त्यापेक्षा बरी.

जागेची निवडही तेवढीच महत्त्वाची. कपारीत डिटेक्टरला तीन बाजूंनी खडक मिळतो आणि वाचन उगाच वाढते. पुढे आलेल्या टोकावर ते घटते. सपाट, कोरडा पृष्ठभागच घ्यावा.

विहिरीचे वाचनही निर्मळ नसते. भोक ढासळून रुंद झाले की आकडा पडतो, चिखलात पोटॅशियम क्लोराइड असेल तर चढतो. पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार किंवा अभ्रक असलेला वालुकाश्म तर दोन्हीकडे शेलचे सोंग घेतो.

जाडीतली गफलत जास्त महागात पडते. कड्यावर थराला काटकोनात मोजतात. उभी विहीर 30 अंश नती (आडव्यापासूनचा उतार) असलेल्या थरांतून गेली तर लॉगवरचे 10 मीटर प्रत्यक्षात 8.66 मीटरच असतात. तिरक्या विहिरीत विहिरीचा कोन आणि दिशाही हिशेबात घ्यावी लागते. हे दुरुस्त केल्यावर कड्यावरच्या वाचनांची सुमारे 60 सेंमीची सरकती सरासरी काढा, कारण विहिरीतले उपकरण 10 सेंमीचा पातळ थर वेगळा दाखवतच नाही. मग आधी दूरवर पसरलेले जाड शेल जुळवा आणि मधले वालुकाश्म शेवटी. वालुकाश्म थोड्या अंतरातही निमुळते होऊन संपतात.