मच्छरदाणीची परीक्षा डासच घेतात

कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी अजून कामाची आहे का, हे हात लावून किंवा वास घेऊन कळत नाही. डासांनाच जाळीवर बसवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीतली शंकू चाचणी नेमके हेच करते.

मच्छरदाणीच्या छतातून आणि बाजूंमधून सुमारे २५ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे कापतात, कारण औषध सगळीकडे सारखे उरत नाही. तुकडा फळीवर ताणून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा शंकू बसवायचा. त्याच्या भोकातून शोषनळीने ५ अॅनोफिलिस (हिवताप पसरवणाऱ्या डासांच्या) माद्या आत सोडायच्या. त्या २ ते ५ दिवसांच्या आणि रक्त न प्यायलेल्या हव्यात. बरोबर ३ मिनिटांनी त्या काढून कपात ठेवतात आणि वर साखरपाण्याचा बोळा देतात. तासाभराने किती कोलमडल्या ते मोजायचे, २४ तासांनी किती मेल्या ते. ९५ टक्के कोलमडल्या किंवा ८० टक्के मेल्या तर जाळी पास.

कृती सोपी, पण फसण्याच्या जागा बऱ्याच. शेजारी बिनऔषधाच्या जाळीवरही डास ठेवतात. तिथेच १० टक्क्यांहून जास्त मेले, तर त्या दिवसाचे निकाल बाद. नळीने जोरात ओढले, हवा कोरडी पडली किंवा औषध लागलेली नळी इकडे वापरली, की असे होते. म्हणून बिनऔषधाची जाळी आधी हाताळावी आणि तिची नळी वेगळी ठेवावी. दुसरी अडचण डासांच्या सवयीची: ते जाळी सोडून शंकूच्या भिंतीवर बसतात. फळी ४५ अंशांत तिरकी ठेवली की हे कमी होते.

धुलाईतही घाई नडते. टिकाऊ जाळीने २० धुण्यांनंतरही पास व्हायचे असते. लिटरमागे २ ग्रॅम साबण, ३० अंशांचे पाणी, १० मिनिटे हलवणे, मग दोनदा विसळणे. धुतल्यावर धाग्याच्या आतले औषध पुन्हा पृष्ठभागावर यायला वेळ लागतो. तो न देता चाचणी घेतली, तर चांगली जाळीही नापास दिसते.

खरी गफलत नव्या औषधांबाबत होते. क्लोरफेनापायर डासाच्या शरीरातल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) विषारी रूपात बदलते. दिवसा निवांत बसलेल्या डासात ही क्रिया मंद असते, शिवाय स्पर्श अवघा ३ मिनिटांचा. अशा जाळीला शंकूत नापास ठरवणे हा चाचणीचाच दोष. तिथे बोगदा चाचणी हवी: ६० सेंटिमीटरचा काचेचा बोगदा, मध्ये सेंटिमीटरभराची ९ भोके पाडलेली जाळी, पलीकडे आमिष म्हणून गिनीपिग. संध्याकाळी १०० माद्या सोडायच्या, सकाळी काढायच्या. मेलेल्या किती आणि रक्त प्यायलेल्या किती, दोन्ही मोजायचे. मृत्यूची मोजणी मात्र ७२ तासांपर्यंत चालू ठेवायची. प्रयोगशाळेतल्या, औषधाला सहज बळी पडणाऱ्या डासांबरोबर प्रतिकारक डासही तपासावेत. नुसत्या पहिल्यांवर जवळजवळ कुठलीही नवी जाळी पास होते.

शेवटचा टप्पा प्रयोगझोपडीचा. जाळीला मुद्दाम ४ × ४ सेंटिमीटरची ६ भोके पाडतात, आत माणूस झोपतो आणि रानातले डास आपणहून येतात. सकाळी मेलेले आणि जिवंत डास वेचतात. झोपडीभोवती पाण्याची चर असते, कारण मुंग्या मेलेले डास उचलून नेतात आणि जाळीच्या नावावरचे बळी कमी दिसतात.