हीट ट्रीटेड लाकूड जास्त मजबूत? नाही हो, उलटं आहे!

मुंबईत फर्निचर करायला काढलं की कुणीतरी सांगतंच, "हीट ट्रीटेड घ्या, भट्टीतून निघालं की लाकूड दुप्पट मजबूत होतं." यात टिकाऊ आणि मजबूत या दोन गोष्टींची सरळ गल्लत आहे.

खरी ट्रीटमेंट म्हणजे थर्मल मॉडिफिकेशन, साधारण १६० ते २३० डिग्रीला, वाफेत, ऑक्सिजन कमी ठेवून, नाहीतर लाकूड पेटेलच. त्यात हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडाच्या पेशींच्या भिंतीतला एक घटक, तुटतं, आणि पाणी सगळ्यात जास्त तेच ओढतं, त्यामुळे जुलैत आपल्याकडे दारं फुगून चौकटीत अडकतात ना, ते अशा लाकडात खूपच कमी होतं. बुरशीही लवकर धरत नाही, वाळवीची मात्र खात्री नाही. पण तेच हेमिसेल्युलोज तंतूंना धरूनही ठेवत असतं! ते गेलं की लाकूड लवत नाही, काडकन तुटतं, तापमान जितकं जास्त तितकं ठिसूळ. अशा ॲश किंवा ओकच्या फळीला कडेजवळ नुसता स्क्रू पिळलात तर ती चिरू शकते, आधी ड्रिलने भोक पाडाच. खिडकीला, क्लॅडिंगला (भिंतीवर बाहेरून लावायच्या फळ्यांना) मस्त, पण माळ्याच्या तुळया याच्या करू नका, प्लीज.

पॅलेटवरचा, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळीवरचा, 'एचटी' (हीट ट्रीटेड) शिक्का तर वेगळीच भानगड. तिथे गाभा ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवतात, फक्त किडे मारायला, त्याने फुगणंही थांबत नाही. आणि किल्न ड्रायिंगमध्ये, म्हणजे भट्टीत लाकूड सुकवताना, नुसतं पाणी काढतात. सुकं लाकूड ओल्यापेक्षा मजबूत असतं हे मात्र खरंय, बहुतेक गैरसमज तिथूनच आला असावा.