शेजारत्रासाची तक्रार (कोकणातील म्हाडा वसाहती)

एकाच इमारतीत किंवा वसाहतीत राहणाऱ्याच्या सततच्या उपद्रवाविरुद्ध रहिवाशाने केलेली तक्रार आणि तिच्या निवारणाची पद्धत. रात्री-अपरात्रीचा गोंगाट, दारू पिऊन शिवीगाळ, वरच्या मजल्यावरून फेकलेला कचरा, धमक्या ही तिची नेहमीची कारणे.

म्हाडा, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, १९७६ च्या अधिनियमानुसार ५ डिसेंबर १९७७ रोजी स्थापन झाली. तिचे कोकण मंडळ पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पाहते. ब्रिटनमध्ये सामाजिक घरे मुख्यतः भाड्याने दिलेली असतात. तिथे स्थानिक परिषद किंवा गृहसंस्था हीच घरमालक असल्याने उपद्रवी भाडेकरूविरुद्ध तीच न्यायालयात जाऊ शकते. आपल्याकडे सोडतीत घर लागलेला माणूस किंमत भरून स्वतःच मालक होतो. त्यामुळे ‘घर म्हाडाने दिले, तर म्हाडानेच त्याला काढावे’ ही रहिवाशांची अपेक्षा स्वाभाविक असली, तरी ती सहसा पुरी होत नाही. सोसायटी नोंदली जाऊन इमारत तिच्या ताब्यात जाईपर्यंत मंडळाच्या मिळकत व्यवस्थापकाकडे दाद मागता येते. त्यानंतर पहिले दार सोसायटीचे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, इतर सभासदांना त्रास होईल असे वर्तन कोणाही सभासदाने करता कामा नये. तक्रार लेखी द्यावी लागते. सोसायटीच्या व्यवस्थापन समितीने पुढच्याच सभेत तिच्यावर निर्णय घेऊन तो १५ दिवसांत तक्रारदाराला कळवायचा असतो. सेक्रेटरीला जिन्यात गाठून सांगितलेली गोष्ट इतिवृत्तात येत नाही आणि पुढे कुठेच टिकत नाही. तारीख, वेळ, काय घडले आणि कोणी पाहिले एवढे लिहून पोच घेतलेला साधा कागद सर्वांत उपयोगी ठरतो. अगदी टोकाला १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ खाली सभासदाला काढून टाकता येते. त्यासाठी त्याचे म्हणणे ऐकावे लागते, सर्वसाधारण सभेत हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांश मते पडावी लागतात आणि सहकारी संस्थांच्या निबंधकाची मंजुरी मिळावी लागते. हे कठीणच असायला हवे, कारण प्रश्न एका कुटुंबाच्या डोक्यावरच्या छपराचा असतो.

मारहाण, धमकी किंवा रात्रीचा गोंगाट असेल, तर सोसायटीच्या सभेची वाट पाहू नये. ११२ वर फोन करावा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. शिवीगाळीसारख्या प्रकारांत पोलीस बहुधा अदखलपात्र नोंद, म्हणजे ‘एनसी’, करतात आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. तरीही ती करून घ्यावी. शांतताभंगाचा धोका दिसला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी, तालुक्यात बहुधा तहसीलदार, उपद्रव करणाऱ्याकडून शांतता राखण्याचे एक वर्षापर्यंतचे बंधपत्र घेऊ शकतो. त्या वेळी आधीच्या नोंदी कामी येतात. त्रास जातीवरून होत असेल, तर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. अशा तक्रारीला ‘शेजाऱ्यांचे भांडण’ म्हणून बाजूला सारणे हा घोर अन्याय आहे.

दक्षिण कोकणात ‘गाऱ्हाणे’ ग्रामदेवतेपुढेही घातले जाते आणि जमलेले गावकरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत त्याला साथ देतात. तंटा चारचौघांत मांडून मिटवण्याची ही सवय वसाहतींतही आली आणि तिने अनेकांचा कोर्टाचा फेरा वाचवला. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा आधारही हाच होता. पण गावकीने घरे वाळीत टाकल्याचा इतिहासही कोकणाचाच आहे. उपद्रवी कुटुंबाशी बोलायचे नाही, त्यांच्या मुलांना खेळात घ्यायचे नाही असे ठरवणे हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा ठरू शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार वर्तनाविरुद्ध असावी, घराविरुद्ध नव्हे. गॅलरीत वाळणाऱ्या सुक्या मासळीचा वास न आवडणे आणि शेजाऱ्याने रोज रात्री दारावर लाथा मारणे या गोष्टी एका अर्जात लिहिल्या, तर खरी तक्रारही हलकी होते.

किनाऱ्यालगतच्या गावांत चाकरमान्याचा बंद फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिला जातो, तेव्हा त्रास देणारी माणसे दर शनिवारी वेगळी असतात. अशा वेळी अर्जात पाहुण्यांची नावे शोधत बसू नये. सभासद मालकच असतो. सोसायटीची नोटीस त्याच्या मुंबईच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावी.