भुई बोलायलीय : एका पहिल्या भयकादंबरीची पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेली पहिली भयकादंबरी आली, आणि वाचणाऱ्यांत वाद सुरू झाला तो तिच्या शेवटावरून. हा शेवट असा का झाला हे समजायचं तर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपापर्यंत मागं जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वरचं शिक्षण उर्दूतून, त्यामुळे मराठी वाचनालयं आणि प्रकाशनं इथं उशिरा रुजली. पाठ्यपुस्तकवाल्यांचं मुलांसाठीचं मासिक 1971 साली निघालं, ते जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोचलंही. पण चौदा-पंधराच्या मुलांनी भीती वाटेल असं काही वाचायचं ठरवलं तर हातात मोठ्यांच्याच भयकथा यायच्या. त्याही पुण्यामुंबईच्या, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून आणलेल्या. त्यातले बंगले, घाटातला पाऊस, कोकणातली रात्र इथल्या पोरांना परकी. आमच्याकडं पिंपळावरचा मुंजा होता, विहिरीतल्या साती आसरा होत्या, पण त्या आजीच्या तोंडी. छापलेल्या पानावर त्यांना जागा नव्हती.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून गावं नुकतीच झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं काही सेकंदांत बसली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे 10 हजार माणसं गेली. लेखिका तेव्हा चौथीत होती. तिचं घर पडलं, घरची माणसं वाचली. पुढची वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये आणि मग पुनर्वसनात गेली. ‘पुनर्वसन’ हा शब्द या भागात गावाच्या नावासारखाच वापरतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पक्कं घर मिळालं तरी मोठी माणसं कित्येक महिने अंगणातच अंथरूण टाकायची. डोक्यावर छत नको वाटायचं.

जुनं गाव तिथंच होतं, बाभळींनी भरलेलं. आजी दर पोळ्याला तिकडं जाऊन उंबऱ्यापाशी दिवा लावून यायची, नात सोबत. छातीएवढी एक भिंत उभी राहिली होती आणि तिच्यात देवळी होती. देवळीच्या वरच्या दगडावर काजळी तशीच. बोट फिरवलं की बोट काळं व्हायचं. त्या देवळीत शेवटचा दिवा कुणी लावला असेल, हा प्रश्न तिला तिथं पडला आणि कादंबरीचं पहिलं वाक्य तोच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची. किल्लारीच्या परिसरात 1992 पासूनच धक्के जाणवत होते, जमिनीतून गुरगुर ऐकू यायची. नंतरही लातूर, नांदेड, हिंगोलीकडं ती अधूनमधून येतच राहिली. 2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीचे लोक त्यामुळं रात्री घराबाहेर बसले होते. वर्तमानपत्रं दर वेळी ‘गूढ आवाज’ छापतात. शास्त्र सांगतं की उथळ, बारीक धक्क्यांचा आवाज कानाला ऐकू येतो. आजी म्हणायची, “भुई बोलायलीय.”

आता वादाचा मुद्दा. कादंबरीतल्या एका घरावर रात्री दगड पडतात, दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात, भाताच्या पातेल्यात घाण निघते. गाव एकच शब्द उच्चारतं : भानामती. मराठवाड्यात आणि लगतच्या कर्नाटक-तेलंगणाच्या पट्ट्यात हा शब्द जितका ओळखीचा आहे तितका पश्चिम महाराष्ट्रात नाही. तिकडचा वाचक त्याला करणी किंवा जादूटोणा समजून पुढं जातो. पण इथं तो दोन क्रियापदांबरोबर येतो आणि अर्थ बदलतो. ‘भानामती झाली’ म्हटलं की एक पछाडलेलं घर डोळ्यांपुढं येतं, कुत्र्यासारखी भुंकणारी बाई येते. ‘भानामती केली’ म्हटलं की करणारा शोधायला गाव निघतं. आणि गाव शोधायला निघालं की सापडते ती बहुधा एकटी राहणारी, भांडायला कुणी नसलेली बाई. अशा बायांना मारहाण झाली आहे, गावातून हाकलून दिलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन छडा लावला तेव्हा दगड टाकणारा हात त्या घरातलाच निघत गेला. मन कोंडलेलं कुणीतरी, कधी शाळकरी मुलगीसुद्धा. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला, त्यामागं या प्रकरणांचाही इतिहास आहे.

लेखिकेच्या पहिल्या खर्ड्यात दगड कोण टाकतं हे शेवटपर्यंत कळत नव्हतं. प्रकाशकाला तेच आवडलं होतं. शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं मात्र खर्डा परत देताना विचारलं, “मॅडम, हे वाचून पोरगं घरी गेलं आणि शेजारच्या म्हातारीकडं बघायला लागलं तर?” लेखिका सहा महिने काही लिहू शकली नाही. मग तिनं उलगडा लिहिला : दगड टाकणारी मुलगी त्याच घरातली, नववीतली, लग्न ठरवलेली. यावर प्रकाशकाचं म्हणणं पडलं की ही भयकादंबरी राहिली नाही, प्रबोधन झालं.

छापलेला शेवट त्यानंतरचा आहे. शेवटून दुसऱ्या प्रकरणात सगळा उलगडा होतो. शेवटच्या प्रकरणात, सगळं निवल्यावर, रात्री मांडणीतली भांडी वाजतात आणि भुई गुरगुरते. काहींनी आक्षेप घेतला की पुढच्या दारानं घालवलेलं भूत तिनं मागच्या दारानं घरात घेतलं. हा आक्षेप मला पटत नाही. भानामती खोटी आहे, आवाज खरा आहे. त्याचं कारण ठाऊक असूनही हासोरीत कुणी त्या रात्री घरात झोपलं नाही. कारण कळलं की भीती संपते, हे किल्लारीच्या पंचक्रोशीत वाढलेल्या बाईनं का मान्य करावं? पोरांना खोटी भीती कुठली आणि खरी कुठली हे वेगळं करून दाखवणारं पुस्तक मराठीत आधीच यायला हवं होतं.

‘भानामती केली’ हे शब्द पुस्तकात फक्त मोठी माणसं वापरतात. मुलं ‘झाली’ म्हणतात, आणि उलगडा करणाऱ्या प्रकरणात ती मुलगी एकदाच म्हणते, “मीच केली.”

पुस्तक सध्या सगळ्यात जास्त फिरतंय ते लातूरच्या ट्यूशन एरियात. डॉक्टर, इंजिनिअर व्हायला आलेली, घरापासून लांब हॉस्टेलच्या खोलीत चौघं-चौघं राहणारी पोरं एकच प्रत आळीपाळीनं वाचतात. काही प्रतींवर वह्यांचं तपकिरी कव्हर चढवलेलं असतं, वर लिहिलेलं असतं ‘बायोलॉजी’. लेखिकेची दुसरी कादंबरी देवगिरी किल्ल्यातल्या अंधेरीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत घडते. शाळेच्या सहलीत मागं राहिलेल्या दोन मुलांची. त्यात भानामती नाही, असं तिनं प्रकाशकाला आधीच कळवलं आहे.