बंदिस्त वन्य तृणभक्षींमधील पट्टकृमीच्या पुटी

चितळ, सांबर, काळवीट, नीलगाय यांसारख्या तृणभक्षींच्या शरीरात पट्टकृमीच्या (फितीसारख्या चपट्या परजीवी जंताच्या) अळीभोवती पाण्याने भरलेली पिशवी तयार होते. तिला पुटी म्हणतात. प्रौढ कृमी राहतो कुत्रा, लांडगा किंवा कोल्ह्याच्या लहान आतड्यात. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्या-पाण्यावर येतात आणि हरणाच्या पोटात जातात. तिथे निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात, पुढे फुप्फुसातही पोचते.

टीनिया हायडॅटिजेना या पट्टकृमीची पुटी आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याला लोंबकळते. शवविच्छेदनाच्या टेबलावर ती उजेडात धरली, की स्वच्छ पाण्यात एकच पांढरा ठिपका दिसतो. ते कृमीचे डोके. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या दुसऱ्या पट्टकृमीचा प्रौढ कृमी जेमतेम ३ ते ७ मिमी, पण त्याची हायडॅटिड पुटी मोसंब्याहूनही मोठी होते. तिच्या तळाशी वाळूसारखा गाळ बसतो आणि त्यातला प्रत्येक सजीव कण कुत्र्याच्या पोटात नवा कृमी होऊ शकतो. टीनिया मल्टिसेप्स या तिसऱ्या पट्टकृमीची पुटी मेंदूत बसते. जनावर मान तिरकी करून एकाच जागी गोल फिरू लागते.

बाकी लक्षणे फारशी दिसतच नाहीत. कळपातले प्राणी आजार लपवतात, त्यामुळे बहुतेक पुटी मृत्यूनंतरच सापडतात. औषधासाठी वारंवार पकडावे, तर धसक्यानेच हरीण दगावण्याची भीती असते. म्हणून खरा उपाय कुत्र्यापाशीच करावा लागतो.

पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाभोवती (स्थापना १९९९) आज दाट वस्ती आहे. अशा ठिकाणी कुंपणाइतकेच लक्ष चाऱ्याकडे हवे. बाहेरून येणारा मका किंवा लसूणघास कुठल्या शेतातला आणि तिथे कुत्री फिरतात का, हे विचारलेच पाहिजे. नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत. उकळते पाणी आणि कडक ऊन मात्र त्यांना मारते. एप्रिलमधल्या तापल्या मोकळ्या जमिनीपेक्षा पावसाळ्यातला ओला गवताळ कोपरा म्हणूनच जास्त धोक्याचा.

पुटी खाल्ल्यापासून साधारण सहा-सात आठवड्यांत कुत्रा एकायनोकॉकसची अंडी टाकू लागतो. त्यामुळे आवारालगतच्या आणि मेंढपाळांच्या कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे जंतनाशक औषध देणे उपयोगी पडते. मेलेल्या हरणाचे काळीज-फोपसे कुत्र्यांच्या तोंडी लागू नये. ते जाळावे किंवा खोल पुरावे. लांडगा-कोल्ह्यांनाही ते कच्चे घालू नये.

माणसालाही हायडॅटिड पुटी होते, पण हरणापासून थेट नव्हे, कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे. कुत्र्यांचा वावर असलेल्या आवारात काम करणाऱ्या रखवालदाराने जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, ही त्याच्यासाठी सर्वांत मोठी खबरदारी.