मियागींचे गुरू, गुरूंचे गुरू: गोजू-र्यूचा वंशवृक्ष कुठवर खरा?

गोजू-र्यू कराटेची गुरुपरंपरा बहुतेक दोजोंत (कराटेच्या आखाड्यांत) तीन नावांत सांगून होते. चीनमधल्या फूचौ शहरातले र्यू र्यू को, त्यांचे ओकिनावा या जपानी बेटावरचे शिष्य हिगाओन्ना कान्र्यो आणि हिगाओन्नांचे शिष्य, म्हणजे शैलीचे संस्थापक मियागी चोजुन. शेवटचा दुवा पक्का आहे. त्याच्या मागचा मात्र जितका तपासावा तितका सैल होत जातो.

मियागींचा जन्म १८८८ चा, नाहा बंदरातल्या सधन घराण्यातला. चौदाव्या वर्षी, १९०२ मध्ये, ते हिगाओन्नांकडे शिकू लागले. लष्करी सेवेचा खंड सोडला, तर १९१५ मध्ये गुरूंचे निधन होईपर्यंत ते त्यांच्याकडेच होते. याबद्दल कुणी वाद घालत नाही.

हिगाओन्ना (जन्म १८५३) हेही नाहाचेच. घरचा धंदा बोटीने सरपण आणून विकण्याचा. त्यांचे पहिले गुरू फूचौचे नव्हते, ओकिनावातलेच होते: र्युक्यूचे, म्हणजे ओकिनावाच्या जुन्या राज्याचे, चिनी भाषेचे दुभाषी अरागाकी सेइशो. त्रिनावी परंपरेत हे नाव गळते आणि इथेच मोठी चूक होते. अरागाकी ज्या कुमे वस्तीशी जोडलेले होते, तिथे चीनमधून येऊन स्थायिक झालेल्यांचे वंशज पिढ्यानपिढ्या राहत. चीनशी चालणारा सरकारी व्यवहार त्यांच्याच हाती होता, तेव्हा चिनी युद्धविद्येची ये-जा त्या वाटेने होणे साहजिकच.

याला कागदी पुरावाही आहे. १८६७ मध्ये राजधानी शुरी इथे एक सोहळा झाला. चिनी सम्राटाचे दूत आदल्या वर्षी येऊन गेले होते, त्यानिमित्त कुमेकरांनी आपल्या कला सादर केल्या. त्याची कार्यक्रमपत्रिका उपलब्ध आहे. तीत अरागाकींच्या नावापुढे सेइसान हा काता (ठरलेल्या हालचालींची एकट्याने करायची मालिका) आहे आणि तोमुरा नावाच्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या नावापुढे ‘एकशे आठ पावले’, म्हणजे आजचा सुपारिनपेई. त्या वर्षी हिगाओन्ना जेमतेम चौदा वर्षांचे होते. ज्या कातांना ‘हिगाओन्नांनी चीनहून आणलेले’ म्हणतात, त्यातल्या निदान दोन नावांचे काता ते शिकून परतण्याआधीच ओकिनावात होते.

हिगाओन्ना फूचौला गेले यात शंका नाही. सालाबद्दल मतभेद आहेत. बहुतेक अंदाज १८७० च्या दशकाभोवती फिरतात. फूचौच का, हे सरळ आहे: र्युक्यूची खंडणीची जहाजे याच बंदराला लागत आणि तिथे र्युक्यूच्या लोकांसाठी स्वतंत्र निवासगृह होते. १८७९ मध्ये जपानने र्युक्यूचे राज्य खालसा केले आणि ती जुनी वाट बंद झाली.

पण तिथे त्यांना शिकवले कुणी? दंतकथेतले र्यू र्यू को वयस्कर आहेत, बांबूच्या वस्तू बनवून पोट भरतात आणि शिष्याला आधी कामाला जुंपतात. पुढे ओकिनावातले अभ्यासक आणि गोजू-र्यूचे शिक्षक तोकाशिकी इकेन यांनी मांडले, की हे र्यू र्यू को म्हणजे ‘मिंग ह क्वान’ या क्रौंचशैलीचे (क्रौंच पक्ष्याच्या हालचालींवर बेतलेल्या चिनी युद्धशैलीचे) प्रवर्तक श्ये चोंगश्यांग. त्यांचे टोपणनाव ‘रू रू’ होते आणि ‘को’ म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळे नाव तर चपखल बसते. अडचण वयाची आहे. श्ये १८५२ चे, शिष्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठे. विशीतला गुरू अशक्य नाही, पण मग दंतकथेतला म्हातारा सोडून द्यावा लागतो. दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत, तरी अनेक तक्त्यांवर ते सुखाने एकत्र नांदतात.

मला इथे कातांची साक्ष जास्त भरवशाची वाटते. गाण्यात एखादी चीज कोणाकोणाकडे सापडते यावरून घराण्यांचा माग काढतात, तसेच हे. हिगाओन्नांचे दुसरे ज्येष्ठ शिष्य क्योदा जुहात्सु यांच्या तोओन-र्यू या शैलीमध्ये गुरूंकडून आलेले काता चारच: सान्चिन, सेइसान, सान्सेरू आणि पेच्चूरिन, म्हणजे पुन्हा सुपारिनपेई. उएची कानबुन १८९७ मध्ये फूचौला गेले आणि वेगळ्याच गुरूंकडे शिकले. त्यांनी परत आणलेले तीन काता सान्चिन, सेइसान आणि सान्सेरूच. म्हणजे हा गाभा कुणा एका गुरूची मिरास नव्हता. त्या शहरातल्या आखाड्यांत तो सामाईक होता.

आता मियागींच्या गोजू-र्यूकडे पाहा. काता बारा. त्यातला तेन्शो आणि दोन गेकिसाई मियागींनी स्वतः रचले. गेकिसाई तर १९४० च्या सुमाराचे. चार क्योदांशी जुळतात. उरतात पाच: साइफा, सेइयुन्चिन, शिसोचिन, सेपाई आणि कुरुरुन्फा. ते हिगाओन्नांनी फक्त मियागींना दिले, की मियागींनी इतरत्र मिळवले, यावर अजूनही वाद झडतात. मियागी स्वतः १९१५ च्या सुमारास फूचौला जाऊन आले. गुरूंचे गुरू काही भेटले नाहीत. शिवाय नाहात स्थायिक झालेले चहाचे चिनी व्यापारी गोकेंकी हे श्वेतक्रौंच शैलीचे जाणकार त्यांच्या मित्रवर्तुळात होते. क्योदांनी त्यांच्याकडून नेपाई हा काता घेतल्याचे उघड सांगितले जाते. तेन्शोवरही क्रौंचशैलीची छाप अनेकांना दिसते.

गंमत म्हणजे मियागी आपल्या आजच्या अनुयायांपेक्षा जास्त सावध होते. १९३४ च्या ‘कराटे-दो गाइसेत्सु’ या टिपणात त्यांनी इतर मते बिनबुडाची ठरवली आणि एवढेच पक्के धरले, की १८२८ मध्ये फूज्येनमधून (फूचौ याच प्रांतात आहे) एक शैली ओकिनावात आली व तिच्यातून गोजू-र्यू वाढली. १८२८! म्हणजे हिगाओन्नांच्या जन्माच्या पंचवीस वर्षे आधी. स्वतः संस्थापक आपल्या शैलीचे मूळ गुरूंच्या चीनवारीच्या मागे नेतो. हे साल कशावरून, हे त्यांनी सांगितले नाही आणि १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत बेटावरची दप्तरे जळाली. मियागींचे निकटचे शिष्य शिन्झातो जिनआन त्याच युद्धात गेले. जपानमधल्या एका प्रात्यक्षिकात शैलीचे नाव विचारल्यावर ज्यांना उत्तर देता आले नाही आणि त्यातून पुढे ‘गोजू’ हे नाव ठरले, ते हेच.

१९५३ मध्ये मियागी वारले. सर्वमान्य वारस मागे नव्हता. मियाझातो एइइचींचे जुन्दोकान, यागी मेइतोकूंचे मेइबुकान, तोगुची सेइकिचींचे शोरेइकान आणि जपानच्या मुख्य भूमीवर यामागुची गोगेन यांचे गोजू-काई, अशा शाखा वेगळ्या वाढल्या. मियागींच्या खाली कोणाची तसबीर लावायची, हे प्रत्येकीने आपापले ठरवले.